प्रोसेसरची राखण

टोकावड्याच्या भात खरेदी केंद्रातला कॉम्प्युटर मी माझ्या हातानं गुदमरवत होतो, आणि त्याचा आळ तिथल्या ऑपरेटर बाईंवर घेत होतो. हे सोळा दिवस चाललं.

केंद्र सोसायटीचं. भात आणायच्या आधी शेतकऱ्यानं नाव नोंदवायचं, सातबारा स्कॅन करून घ्यायचा. हे सगळं एका जुन्या मशीनवर, आणि त्यात लिनक्स घालणारा मीच, फुकट मिळतं म्हणून. बाई घाटाकडच्या वाडीतून एसटीनं यायच्या. त्यांच्या घरातली ही पहिली खुर्चीवरची नोकरी. मी शहापूरचा, पाठीला लॅपटॉप बांधून मोटरसायकलवर मुरबाडपर्यंत फिरणारा कॉम्प्युटरवाला.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला, "सर, मशीन लय हळू चालतंय."

मी गेलो, काळी खिडकी उघडली आणि 'टॉप' ही आज्ञा दिली. मशीनमध्ये कोण काम करतंय आणि प्रोसेसरचा किती वाटा खातंय, याची यादी समोर येते. सगळ्यात खादाड तो वर. मला ही यादी फार आवडते. रांगेतले शेतकरी बघत असले तर जरा जास्तच. वर ब्राउझर होता.

"व्हिडिओ बघता का हो?" मी रांगेसमोरच विचारलं.

"नाय सर. नोंदणी त्याच्यातच उघडते ना."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मला झोंबलं.

मग मी पाळत ठेवायचं ठरवलं. आमच्याकडे भात दाण्यावर आलं की शेतात माळा, म्हणजे उंच मचाण, घालून माणूस राखणीला बसतो, डुकरं हाकलायला. तसाच मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावही 'राखण' ठेवलं आणि ते बाईंना ऐकवलं, धाक बसावा म्हणून. त्यानं दर सेकंदाला ती यादी बघायची, फाइलमध्ये उतरवायची, थांबायचं नाही. शिवाय तो मध्येच बंद पडू नये म्हणून मशीनला सांगून ठेवलं, दर मिनिटाला राखण सुरू कर. आधीची चालू आहे का ते बघ, एवढं सांगायचं राहिलं. म्हणजे तासाला साठ राखणदार, आणि घरी एकही जात नाही. वर शहाणपणा असा की, फाइलमध्ये राखणीचं स्वतःचं नाव उगाच दिसतं म्हणून ते मी गाळून टाकलं. राखणदारावर कुणी संशय घेतं का?

रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी पळायचं, दुपारी आडवं व्हायचं. बाई म्हणाल्या, "बंद करून चालू केलं का बरं होतं, सर."

"म्हणजे पुरावा पुसता तुम्ही."

हे मी म्हणालो. आठ-दहा माणसांदेखत. त्या मान खाली घालून सातबारा स्कॅन करत राहिल्या. आजही त्या रस्त्यानं जाताना हे वाक्य आठवलं की मी गाडीवर एकटाच "छे छे" करतो.

फाइलमध्ये रोज ब्राउझरच वर. सगळे आकडे मिळवले तरी तिसाच्या पुढे जात नव्हते, आणि प्रोसेसर तर पूर्ण भरलेला. उरलेले सत्तर टक्के कोण खातंय, हे विचारायलाही डोकं लागतं. मी ती फाइल छापून सोसायटीच्या सचिवांना दिली. नऊ पानं.

"मग दुसरी बाई बघतो," सचिव म्हणाले.

आणि मी मान हलवली.

सोमवारी दुपारी सचिव स्वतः केंद्रावर आले. "कागद नको. मशीनवर दाखव." मी रुबाबात टॉप दिलं, आणि त्या तोऱ्यात, फाइलमधून गाळलेलं राखणीचं नाव इथंही गाळायचं विसरलो. यादी आली. राखण. राखण. राखण. खाली सरकवत गेलो. राखण.

"हे कोण रे एवढे?" सचिवांनी विचारलं.

"सिस्टीमचं असतं काहीतरी," मी म्हणालो. घाबरलेला माणूस किती चटकन खोटं बोलतो!

"सर, ते तुमचं आहे," बाई हळूच म्हणाल्या. "राखण. तुमीच नाव सांगितलं व्हतं."

एका आज्ञेत मी सगळे राखणदार मारले, दुसरीत दर मिनिटाचं सांगणं काढून टाकलं. सोळा दिवस गिरणीसारखा घुमणारा मशीनचा पंखा गप्प झाला. सचिवांनी नऊ पानांची चौघडी करून माझ्या हातात दिली. "बाई, चालू द्या तुमचं," म्हणाले आणि बाहेर पडले.

"बाई, माझ्याकडून जरा... म्हणजे, चुकलंच माझं," मी म्हणालो.

त्यांनी पुढच्या म्हाताऱ्याचा सातबारा घेतला, स्कॅनरवर नीट सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्यात डुकरांसाठी माळा घालतात, सर. डुकराला माळ्यावर नाय बसवत."