अंगठेबहाद्दर

“अगं, बघ तरी. सकाळपासून किती अंगठे आलेत.”

“जेवायला वाढू, की अंगठेच चोखत बसताय?” बायकोनं भिंतीपलीकडून विचारलं.

पॉलिशवाला मोबाइलवरून बोट सरकवत होता आणि काचेवर लाखेचे डाग पाडत होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या, कपाटं, एक पाळणा, सगळं एकाच तऱ्हेनं अर्धवट.

एरवी हा माणूस असा नव्हता. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, कापडाची बोळी करायची आणि लाकडावर हात मारायचा. हात म्हणजे एक थर. एक हात सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. सुकला की नाही हे बघायची त्याची रीत साधी. कुणाच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात अंगठा टेकवायचा. ठसा उठला नाही, तर पुढचा हात. गिऱ्हाईक तोवर हेलपाटे घालून टेकीला यायचं. “झालं का?” “सुकतंय.” एवढंच त्याचं बोलणं.

पण टेबल एकदा घरी गेलं, की तो पुढं कित्येक वर्षं ते बघायला जायचा. लेक दिलेल्या घरी बाप जातो तसा. इकडचं तिकडचं बोलायचा आणि बोलता बोलता हळूच तळहात फिरवायचा. लोक म्हणत, हा आमच्याकडं येत नाही, आमच्या कपाटाकडं येतो. खरंच होतं ते. तेवढ्यानं त्याचं मन भरायचं. पोट बायको भरायची.

मग मेहुणा आला. धंदे बदलणं हाच त्याचा धंदा. “दाजी,” तो म्हणाला, “एवढं झिजता, पण बघतं कोण? फिरवा बोळी, मी मोबाइलवर घेऊन लोकांना दाखवतो.” मळकं, कोरडं लाकूड, त्यावरून ओली बोळी गेली आणि लाकूड लखलखलं. संध्याकाळपर्यंत अंगठ्यांचा पाऊस. आजवर कुणी अंगठा दाखवला तर माणूस चिडायचा, कारण अंगठा दाखवणं म्हणजे काही न देता वाटेला लावणं. आता सगळं जग अंगठा दाखवत होतं आणि पॉलिशवाला फुगत होता.

मेख अशी, की अंगठे पहिल्या हातालाच मिळायचे. पहिला हात सुकला की लाकूड तो पिऊन टाकतं आणि पुन्हा मळकं दिसतं. ते कोण बघणार? दुसऱ्या हाताला कुणी विचारेना. सुकणाऱ्या कपाटाचा व्हिडिओ तर मेहुण्यानंही अर्ध्यात बंद केला. मग रोज नवं लाकूड, रोज पहिला हात. खुर्च्या संपल्या तशी शिडी झाली. त्या शिडीवरून मेहुणाच घसरला, त्यालाही अंगठे मिळाले. झाडूचा दांडा झाला. बायकोनं कपड्यांचं धोपटणं लपवून ठेवलं. गिऱ्हाइकं येत, आपल्या अर्ध्या कपाटाकडं बघत आणि शिव्या घालून जात. अंगठा मात्र त्यांतला एकही देत नसे.

या गर्दीत डॉक्टरीणबाईंचं टेबल होतं. दवाखाना बंद करून त्या घरी बसल्या होत्या. लहानपणी त्या आणि त्यांची थोरली बहीण याच टेबलावर अभ्यासाला बसायच्या आणि एकमेकींना खालून लाथा मारायच्या. आता थोरली येणार होती. गुडघे गेलेले, बहुतेक ही शेवटचीच खेप. “ती यायच्या आत मला टेबल घरात हवं,” बाईंनी बजावलं होतं, आणि पॉलिशवाल्यानं शब्द दिला होता.

तो शब्द आठवला तेव्हा बहीण दारात यायची वेळ झाली होती. त्यानं एकावर एक हात मारले. सुकायला वेळ होता कुठं? शेवटचा हात मेहुण्यानं मोबाइलवर घेतला. टेबलात छताचा पंखा दिसत होता. “आता दाजी, शेवटी तुमचा तो अंगठा होऊ द्या.” पॉलिशवाल्यानं मोबाइलकडं बघत, ऐटीत, टेबलाच्या मधोमध अंगठा दाबला.

अंगठा आत गेला. नुसता चिकटला नाही, रुतला.

त्या व्हिडिओला जेवढे अंगठे मिळाले तेवढे आधी कशालाच मिळाले नव्हते.

डॉक्टरीणबाई दुकानात आल्या, चष्मा पुसून वाकल्या. “हे काय, अंगठा उठवलात? सही येत नव्हती?”

“त्यावर फ्लॉवरपॉट ठेवू, बाई,” मेहुणा म्हणाला. “पाहुणीला कळणारही नाही.”

“ठेवा,” बाई म्हणाल्या. “तिचा पाय माझ्या घरात परत पडतो की नाही, कुणास ठाऊक.”

पॉलिशवाल्यानं टेबलाच्या कडेला नख लावून बघितलं. मग म्हणाला, “वरचा ठसा मिटवता येईल, बाई. पण खालचे सगळे हात कच्चे आहेत. ताट ठेवाल तिथं ताट चिकटेल. मीच घाई केली. मुळापासून खरवडावं लागेल.”

“आणि ती येऊन जाईल त्याचं काय?”

पॉलिशवाल्यानं पॉलिश पेपर घेतला आणि बाईंच्या समोरच घासायला सुरुवात केली.

थोरली आली. तसंच घरी नेलेल्या टेबलाच्या उघड्या लाकडावर वर्तमानपत्र पसरून दोघी जेवल्या. “पॉलिशवाला मेला की काय तुझा?” ती म्हणाली आणि बरेच दिवस कुरकुरत राहून गेली. त्यानंतर टेबल पुन्हा दुकानात आलं. ते तयार झालं तेव्हा बाईंनी त्यावरून हात फिरवला, चांगलं झालंय म्हणाल्या आणि पाठ फिरवली. पॉलिशवाला आता त्या घरी जातो तेव्हा त्या त्याला पुढच्या खोलीतच बसवतात. टेबल आतल्या खोलीत आहे. तो दारातून मान लांब करून बघतो.

परवा मेहुणा आला, मोबाइल घेऊनच. “दाजी, लोक विचारतायत. अंगठेवाले काका कुठं गेले म्हणून.”

पाळणा समोर होता. पॉलिशवाल्यानं पाळण्याच्या तळाशी, आतल्या कोपऱ्यात अंगठा टेकवला, उचलला, उजेडात धरून बघितला.

“काय सांगू त्यांना?”

“सुकतंय म्हणावं,” तो म्हणाला, आणि बोळी बाजूला ठेवून कपाटाकडं वळला.