त्रेचाळीसची गाडी

पाचूबंदरात बेनेडिक्टला बेनेडिक्ट म्हणणारे फक्त चर्चमधले पाद्री, आणि तेही बाप्तिस्म्याचं पुस्तक समोर असेल तरच. बाकी सगळ्या बंदराचा तो बेनू. अंगाने बुटका, बोलायला कंजूष, पण होडी पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जुनी होडी विकत घ्यायची म्हटलं की अर्नाळ्याचे लोकसुद्धा त्याला घेऊन जायचे. तो फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा आणि ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढंच सांगायचा. असा हा माणूस सेहेचाळीस साली एका सकाळी उठला आणि म्हणाला, मला लष्करातली जुनी जीप घ्यायची आहे. बंदर हसलं ते काही उगाच नाही. बेनूला बैलगाडीसुद्धा हाकता येत नव्हती.

हसू फार टिकलं नाही, कारण मागचं सगळं सगळ्यांना माहीत होतं. बेनूचा एकुलता एक मुलगा कॉन्रॅड लढाईत ड्रायव्हर होता. चव्वेचाळीस साली इंफाळच्या बाजूला तो गेला. घरी आली फक्त तार. माती नाही, कपडा नाही, काही नाही. चर्चच्या दफनभूमीत एका बाजूला त्याच्या नावाचा लाकडी क्रूस लावला होता, पण त्याच्या खाली कोणी नाही हे त्याच्या आईला माहीत होतं. त्यामुळे ती तिकडे कधी फिरकली नाही.

त्याच्या आईचं नाव कॅथरीन, बंदरावर कात्रीन. पोराला लष्करात धाडलं ते तिनेच. तिचा सख्खा भाऊ समुद्रात बुडालेला, म्हणून पोराला होडीवर जाऊ द्यायचं नाही असा तिने हट्ट धरला. बेनू नको नको म्हणत होता. ती म्हणाली, जमिनीवरची नोकरी आहे, गाडीच तर चालवायची आहे. सुक्या बोंबलांची पुरचुंडी घेऊन ती त्याला स्टेशनापर्यंत सोडायला गेली होती. तार आल्यावर ती लोकांसमोर रडली नाही. मासळी साफ करता करता मध्येच थांबायची आणि म्हणायची, “मीच धाडला त्याला.” असं दिवसातून किती वेळा, हे बेनू मोजायचा नाही.

कॉन्रॅडचं शेवटचं पत्र घरात होतं. त्यात लढाईबद्दल फारसं काहीच नव्हतं. होतं ते सगळं त्याच्या जीपबद्दल. ‘बाबा, ही गाडी चिखलात चालते, वाळूत चालते. लढाई संपली की सरकार या गाड्या विकणार. आपण एक घेऊ, म्हणजे आयला टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठावं लागणार नाही. पण घ्याल तर त्रेचाळीस सालची घ्या. बेचाळीसच्या आता खिळखिळ्या झाल्यात. माझी त्रेचाळीसची आहे, तिने मला अजून दगा दिला नाही.’

आता कळलं असेल बेनूला जीप का हवी होती.

बोळिंजचा काशीराम लष्कराच्या वर्कशॉपात मिस्त्री होता, तो नुकताच सुटून आला होता. त्याला बरोबर घेऊन बेनू कल्याणच्या अलीकडे एका माळावर गेला. तिथे निकालात काढलेल्या जीपा रांगेने उभ्या होत्या, काही चाकांवर, काही विटांवर. काशीरामने दोन तास फिरून एक काढली आणि म्हणाला, “काका, ही घ्या. पंचेचाळीसची आहे. हिने लढाई पाहिलीच नाही, जवळजवळ कोरी गाडी.”

“त्रेचाळीसची दाखव,” बेनू म्हणाला.

“अहो, पन मी सांगतो ना...”

“काशीराम, त्रेचाळीसची.”

पत्र काशीरामलाही ठाऊक होतं. मग मात्र त्याने मन लावून शोधलं. ड्रायव्हरच्या समोरच्या फळीवर एक धातूची पाटी असते, तिच्यावर गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याचा महिना आणि साल. पण पाटीवर विसंबायचं नाही, असं त्याने बेनूला बजावलं. विकणारे लोक लबाड, मोडीत गेलेल्या गाडीची पाटी काढून दुसरीला ठोकतात आणि जुन्या गाडीला नव्या सालाची करतात. म्हणून तो आधी पाटीचे स्क्रू बघायचा, त्यांच्यावरचा मूळ हिरवा रंग फुटलाय का. मग खाली सरपटत जाऊन सांगाड्यावरचा नंबर पुसून वाचायचा. त्रेचाळीसची पाटी असलेल्या अकरा गाड्यांपैकी नऊ त्याने बाद केल्या. दोन उरल्या, तेव्हा बेनू पुढे झाला. त्याने दोन्ही गाड्यांच्या पत्र्यावर पेराने ठोकलं, कान लावला आणि दुसरीवर हात ठेवला. काशीरामला हसू आवरेना, पण इंजिन चालू केल्यावर त्याने मान डोलावली. गाडी अस्सल त्रेचाळीसची होती, त्यात तीळमात्र खोट नव्हती.

भिवंडी-वज्रेश्वरीच्या वाटेने गाडी बंदरावर आली तेव्हा कात्रीन दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. बेनूने तिचं बोट धरून पाटीवरच्या दोन आकड्यांवरून फिरवलं. “हा चार. हा तीन. कॉन्रॅडच्या सालातली हाय.”

तिने बोट पुन्हा एकदा स्वतःहून फिरवलं. मग विचारलं, “त्याचीच असंल का रे?”

आता यावर माणसाने काय म्हणायचं? लाखो गाड्यांत ती त्याचीच कशी असेल? पण बेनू म्हणाला, “असंल पन.” त्या दिवसापासून ‘मीच धाडला’ हे बोलणं कमी होत गेलं आणि वर्षाभरात बंद झालं.

काशीरामने बेनूला गाडी शिकवली. स्टिअरिंगला तो सुकाणू म्हणायचा आणि वळण यायच्या कितीतरी आधीपासून वळायला लागायचा. एकदा पापडीच्या एका वाडीची केळी आडवी केली, त्यावरून बायकांनी त्याला महिनाभर चिडवलं. पण मासळी स्टेशनावर वेळेत जाऊ लागली. ओहोटीच्या ओल्या वाळूतही गाडी रुतत नव्हती. पोराने लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

आणि दुपारी गाडी परत आली की कात्रीन ती धुवायची. बंदरावरच्या कोणालाही विचारा, लाकडी होडीला खारं पाणी लागतं. खाऱ्याने फळी घट्ट राहते, सुकली तर फुटते, आणि गोड्या पाण्याने कुजते. हे तिथे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. विहीर घराला लागून होती, पण कात्रीन कधी विहिरीचं पाणी गाडीला लावायची नाही. कमरेवर हंडा घेऊन ती भरतीच्या रेघेपर्यंत जायची, चार-पाच खेपा करायची. नारळाच्या काथ्याने चाकं, पत्रा, खालचा सांगाडा, सगळं घासायची. धुताना ती पुटपुटायची. एकदा बेनूने ऐकलं. कोणाच्या घरी बारसं झालं, कोणत्या होडीला घोळ मासा मिळाला, असं बंदरावरचं सगळं ती सांगत होती. बेनू हळूच मागे फिरला.

पत्र्यावर गंजाचा तांबेरा दिसला तेव्हा त्याने होडीवर करतात तेच केलं. दर पावसाळ्याआधी खालून डांबर फासलं. डांबराच्या आत काय चाललंय हे त्याला काय ठाऊक? काशीराम असता तर पहिल्याच वर्षी ओरडला असता, पण तो नाशिकला नोकरीला गेला होता.

तो परत आला चोपन्न साली. गाडी खड्ड्यातून जाताना कुरकुरते म्हणून बेनूने त्याला बोलावलं. काशीराम खाली सरपटला आणि सांगाड्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. वाळवी लागलेल्या लाकडात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बराच वेळ तो बाहेर आलाच नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, हिला खारं पाणी कोन घालतं?”

“कात्रीन. रोज.”

“इंजिन अजून वीस वर्षं चाललं असतं. पन सांगाडा गेला. आता रस्त्यावर काढू नका, मधोमध मोडंल.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “विहीर तर ही इथं आहे, काका.”

बेनूने समुद्राकडे पाहिलं. कमरेवर भरलेला हंडा घेऊन कात्रीन येत होती. काशीरामच्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने घेतला, पाटीचे स्क्रू भराभर काढले आणि पाटी खिशात घातली. “तू बोलायचं नाय,” एवढंच काशीरामला म्हणाला.

तिने आधी त्या दोघांचे चेहरे पाहिले, मग पाटीची रिकामी जागा. “काय झालं?”

“गाडी संपली,” बेनू म्हणाला. “माझी चूक झाली, गे. मला फसवलं त्यांनी. पाटी खोटी होती. ही जुनी होती, बेचाळीसची, कॉन्रॅडने नको म्हनून लिवलं होतं ती. काशीरामने आता नंबर बगला. त्रेचाळीसची असती तर टिकली असती.”

काशीराम मान खाली घालून उभा राहिला. बेनूला वाटलं, सुटलो. पोराचा शब्द खरा राहिला, आणि हिच्या हाताला दोष लागला नाही. काय तो आपल्या पारखीला लागला, लागू दे. आयुष्यभराची अब्रू त्याने एका वाक्यात टाकली होती आणि त्याला तिचं काहीच वाटत नव्हतं.

कात्रीनने हंडा खाली ठेवला. स्क्रूच्या चार भोकांवरून तिने बोट फिरवलं.

“म्हनजे ही त्याच्या सालातली नाय?”

“नाय.”

“मंग त्याची असंल, हे पन नाय?”

बेनूने नकारार्थी मान हलवली.

“मंग आठ वरसं मी कोनाशी बोलले, रे?”

खिशातली पाटी बेनूच्या मुठीत रुतत होती. बाहेर काढली की तिचा कॉन्रॅड तिला परत मिळणार होता, पण मग तिनेच आपल्या हाताने त्याला दुसऱ्यांदा घालवला, हेही तिला कळणार होतं. त्याने मूठ उघडली नाही. कात्रीनने हंडा उचलला, पाणी वाळूत ओतलं आणि ती घरात गेली. संध्याकाळी मासळी साफ करताना ती मध्येच थांबली. बेनूने ऐकलं, सात वर्षांनी तेच शब्द, “मीच धाडला त्याला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बेनूने विहिरीतून गोडं पाणी काढलं आणि तो जीप धुवायला बसला. चाकं, पत्रा, खालचा सांगाडा. त्याला काय करावं हेच सुचत नव्हतं. कात्रीन दारात आली.

“कशाला धुतोस?” ती म्हणाली. “आपल्यातली नाय ती.”