सासूबाईंसाठी बटणाचा संडास

सासऱ्यांच्या होडीत विजेवर चालणारा संडास बसवायचा होता, आणि मी तो होडीच्या देव्हाऱ्यात बसवला.

हे ऐकल्यावर कुणी "देव्हाऱ्यात?" असं विचारत नाही. सगळे विचारतात, "होडीत?" म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी सासुरवाडी बाळकुमची. चारी बाजूंनी टॉवर उठले तरी मधली कोळी मंडळींची घरं अजून आहेत आणि घरांमागची खाडीही आहे. सासरे आता मासेमारी हौसेपुरतीच करतात. तरी होडीला दर वर्षी नवा रंग लागतो, नारळी पौर्णिमेला ती पताकांनी सजते आणि सगळं घर तिच्यात बसून खाडीत नारळ सोडायला जातं.

सगळं घर म्हणजे, सासूबाई सोडून. त्यांना साखरेचा आजार. जरा वेळ गेला की जावं लागतं, आणि होडीत जायचं कुठे? पुरुष पाठ फिरवून मोकळे होतात. बाईमाणसाची पंचाईत. त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्या धक्क्यावर उभ्या राहून पूजेचं ताट लेकीच्या हातात द्यायच्या आणि मागे फिरायच्या. एका वर्षी माझा पाय मुरगळलेला म्हणून मीही धक्क्यावरच होतो. होड्या वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "चला, भात लावाचाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, पुढच्या पौर्णिमेला तुम्ही होडीत. मी संडास बसवतो."

"होडीत संडास? मंग बालकनी पन लावा की, जावयबापू!"

त्या हसल्या, पण मी पेटलो. मी वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांची विजेची पॅनेलं बनवतो. वीज म्हटलं की मला चेव चढतोच. पाण्याचं म्हणाल तर आमचं मूळ गाव कऱ्हाडकडचं, वाढलो डोंबिवलीत. सोसायटीच्या टाकीपेक्षा खोल पाण्याशी माझा कधी संबंध आला नव्हता.

मग निवड सुरू झाली. घोडबंदर रोडला गाडी अडकली की मी मोबाइलवर बोटीचे संडास बघायचो. घोडबंदर रोड असल्यामुळे अभ्यास भरपूर झाला. बायको मैत्रिणींना सांगायची, "बाकीच्यांचे नवरे सिग्नलला रील्स बघतात, आमचे कमोड बघतात."

या संडासाच्या पोटात मिक्सरसारखं पातं असतं. बटण दाबलं की ते सगळं बारीक करतं आणि पंप पुढे ढकलतो. मला आवडलेलं मॉडेल बाहेरचं पाणी ओढून घ्यायचं, काम उरकायचं आणि सगळं परत बाहेर सोडायचं. मी सासूबाईंना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला.

"ते जातंय कुठं?"

"खाडीत."

"म्हंजे ज्या पान्यात नारल सोडाचा, त्याच पान्यात?"

ते मॉडेल तिथेच बाद झालं. मग टाकी असलेलं घेतलं. वर फ्लशच्या पाण्याचा कॅन, खाली बंद टाकी, घरी येऊन रिकामी करायची.

पार्सल आमच्या फ्लॅटवर आलं. शहाण्या माणसानं ते तसंच बाळकुमला नेलं असतं. मी म्हटलं, आधी चाचणी घेऊ. हॉलमध्ये पेपर पसरले, मधोमध कमोड ठेवला, गाडीची बॅटरी काढून आणली आणि टाकीऐवजी बादली लावली. चाचणीला काहीतरी घट्टसर हवं होतं. स्वयंपाकघरात सकाळचा उपमा उरलेला.

बटण दाबलं. यंत्र उत्तम चाललं. बाहेर जाणारा पाइप मात्र मी बादलीत नुसताच सोडलेला. तो फणा काढून उभा राहिला आणि हॉलभर नाचायला लागला. उपमा पडद्यावर, उपमा पंख्यावर. नेमकी त्याच क्षणी बेल वाजली आणि बायकोनं, का कोण जाणे, दार उघडलं. समोर सोसायटीचे सेक्रेटरी. पाइपनं त्यांच्याकडे तोंड केलं.

त्यांनी चष्मा काढला. काचा पाहिल्या. मग कमोडकडे पाहिलं.

मी ओरडलो, "काका, उपमा आहे हो! उपमाच आहे!"

ते वळले आणि जिन्यानं निघून गेले. अजूनही मी लिफ्टमध्ये असलो की त्यांना जिने चढायचा व्यायाम आठवतो.

पण संडास चालतो हे सिद्ध झालं होतं. राहिलं होतं बसवणं. रंगासाठी होडी काठावर ओढून ठेवलेली, आणि सासरची मंडळी माझ्या बायकोसकट एका लग्नाला बाहेरगावी गेलेली. मी कामाचं निमित्त काढून मागे राहिलो. सरप्राइज द्यायचं होतं ना! कल्याणहून ओळखीचा प्लंबर बोलावला. तो होडीभोवती फिरला आणि हताश झाला.

"साहेब, भिंत कुठाय? मी जन्मभर भिंतीलाच पाइप लावलेत."

"भिंत आपण प्लायवूडची करू. जागा सांग."

आम्ही दोघांनी जागा शोधली. मागे इंजिन आणि सासऱ्यांची बसायची जागा. मध्ये सगळे बसणार. पुढच्या निमुळत्या टोकाला मात्र, कोळी ज्याला नाळ म्हणतात तिथे, सुरेख कोपरा होता. स्वच्छ आणि रिकामा. तिथे कुणी साधी दोरीसुद्धा ठेवलेली नव्हती. इतकी छान जागा आजवर कुणालाच कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. फळीवर लाल-पिवळे जुने डाग होते. ते प्लंबरनं थिनरनं घासून साफ काढले. मी त्याला शाबासकी दिली.

मंडळी परत आली. मी सगळ्यांना काठावर नेलं, सासूबाईंना डोळे मिटायला लावले आणि चादर ओढली.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

सासरे होडीत चढताना नेहमी चपला काढायचे. मला वाटायचं, रंग खराब होऊ नये म्हणून काढतात. त्यांनी आताही चपला काढल्या, दोन पावलं पुढे आले आणि तिथेच खिळले. नाळीला दर पौर्णिमेला हळदकुंकू लागतं, नारळ तिथेच फुटतो. होडी म्हणजे त्यांची देवी, आणि नाळ म्हणजे तिचं कपाळ. कुंकू मी थिनरनं पुसलं होतं आणि त्या जागी कमोड ठेवला होता.

"अगो बाय माझे," सासूबाई म्हणाल्या, "आईच्या कपालावर?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अरे, गणपतीच्या मखरात कुणी वॉशिंग मशीन ठेवतं का? ते केलंयस तू!"

सासरे उतरले आणि काठावरच्या दगडावर जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनीच निकाल दिला, "काढा तो. आनि दुसरीकडं बी नका लावू. माझ्यापायी होडीला इटाल नको. मी धक्क्यावर बरी हाय."

म्हणजे मी त्यांना होडीत बसवायला निघालो होतो, आणि आता त्या कायमच्याच धक्क्यावर राहणार होत्या. मी हातापाया पडलो. शेवटी ठरलं, की आधी होडीची माफी मागायची, आणि ती मीच. मी नाळ धुतली, हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडून पुटपुटलो. मग नारळ फोडायला घेतला. तो फुटेना. एकदा आपटला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा हातातून निसटून चिखलात गेला. बघे जमलेच होते. एक आजोबा म्हणाले, "माफी मिलत नाय वाटतं."

सासऱ्यांना हसू आवरेना. ते उठले, नारळ धुऊन आणला, एका दणक्यात फोडला आणि मागे इंजिनाजवळच्या आपल्या जागेकडे बोट दाखवलं. "इथं लावा. मी जरा सरकून बसतो."

पौर्णिमेच्या दिवशी सासूबाई नवं लुगडं, अंबाड्यावर फुलं, गळ्यात ठेवणीतलं सोनं अशा आल्या. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, न जाणो म्हणून. बायकोनं दटावून पाजला. मागे प्लायवूडचा आडोसा तयार होता आणि त्याला आमच्या बाथरूमचा बदकांचा पडदा. होड्या निघाल्या, प्रत्येक होडीवर स्पीकर. वळण आलं, गेलं, आणि या वेळी सासूबाई वळणाच्या पलीकडे होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं नारळ सोडला. तो दिसेनासा झाला तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. सासऱ्यांनी इंजिन बंद ठेवलं होतं.

मग त्या उठल्या, माझ्याकडे न बघता बदकांमागे गेल्या आणि थोड्या वेळानं बटण दाबलं.

आता, मी पोटासाठी पॅनेलं बनवतो. प्रत्येक यंत्राला वेगळी लाइन द्यायची, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगतो. इथे मात्र संडास आणि स्पीकर मी एकाच बॅटरीवर जोडले होते. बटण दाबताच आमचं गाणं चिखलात रुतल्यासारखं जड झालं, गायिकेचा गायक झाला आणि मग आवाजच बंद. राहिली ती फक्त घरघर. मोठी, लांबलचक, खाडीभर घुमणारी घरघर. ती थांबली आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

आजूबाजूच्या सगळ्या होड्या आमच्याकडे बघत होत्या. मी उडी मारायला जागा शोधत होतो. शेजारच्या होडीतून सासूबाईंची जाऊ ओरडली, "अगो, काय दलन काढलंस काय?"

बदकांचा पडदा सरला. सासूबाईंनी मान बाहेर काढली. मी डोळे मिटून घेतले.

"संडास हाय!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बटनाचा! येतेस?"

जाऊबाई खरंच आल्या. होडीला होडी लावली, चार हातांनी त्यांना इकडे ओढलं. त्यांच्या मागून त्यांची विहीण, मग आणखी कुणी, मग कुणाची तरी मावशी. गाणं रुतलं की सगळ्या होड्यांवरून शिट्ट्या आणि टाळ्या, गाणं सुरू झालं की पुढची बाई चढायची. सासूबाई पडद्याशी उभ्या राहून रांग लावत होत्या, बटण कुठलं ते समजावत होत्या, आणि कुणी "आजून किती येल?" म्हटलं की "पूजा करतेय ती, थांब!" असं झापत होत्या. हातभर अंतरावर सासरे सुकाणू धरून, जगात दुसरं काही घडतच नाहीये अशा चेहऱ्यानं समोर बघत बसलेले. शेवटी बॅटरीनं मान टाकली. तोवर बाकीच्या होड्या परतल्या होत्या. सगळ्यात शेवटी धक्क्याला लागली ती आमची होडी, कारण सासूबाईंना अजून एक फेरी हवी होती.

उतरताना मी हात पुढे केला. एवढं केल्यावर दोन शब्द कौतुकाचे येतील, असं मला वाटत होतं. विचारलंच, "काय आई, कसं वाटलं?"

"लय मजा आली," त्या म्हणाल्या. "पुढच्या पुनवेला तुमी घरी बसा, जावयबापू. संडासाला आमी नेतो."