सुधारलेली पोरगी

हसनाबादच्या दवाखान्यात येणाऱ्या शाळकरी मुलांना मी ठरलेले प्रश्न विचारते. काळजीमुळे, उदासीमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते, ते त्यातून मोजायचं. एकदा शाळेतल्या बाईंनी एक मुलगी पाठवली. वर्गात बाकावर डोकं टेकून बसते, म्हणे. पण मला आठवते तिची आई. मुलीचं दप्तर मांडीवर घेऊन मुलीच्या आधी तीच उत्तरं देत होती.

"घरकामात अडचण येते?"

"बिलकुल न्हाई. साऱ्या घराच्या रोट्या हीच करती."

"अभ्यासात?"

"बराबर करती."

उत्तरांवरून मुलगी ठणठणीत होती. मला राहवेना. "मग हिच्यात बदललं काय?"

आई खुशीत हसली. "पह्यले लई बडबड होती, मॅडम. रोट्या लाटताना गाणे काय, नकला काय! मी लई वरडायची. आता गप ऱ्हाती. सुधरली."

आमच्या प्रश्नांत बडबडीबद्दल काहीच नव्हतं.

मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली, "तुमकोच तो अच्छा लगा ना अम्मी, मैं चुप हुई तो."

आई खुर्ची मागे सरकवत मला म्हणाली, "मॅडम, पुन्हा पह्यल्यापासून इचारा. हिलाच इचारा."