तंबूतले थेंब

लेकीनं परवा मैत्रिणीचा तंबू गच्चीवर उघडला आणि त्या कोंदट कापडाच्या वासासरशी मी बोर धरणाकाठच्या शाळेच्या शिबिरात जाऊन पोचले. तेव्हा मी सहावीत होते. घराबाहेर झोपायची ती माझी पहिलीच वेळ. सतरंजीखालचे खडे पाठीला टोचत होते, वाऱ्यानं कापड फुगून पुन्हा खाली बसत होतं, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं वर्ध्याला परत जायचं, असं मी रडत रडत ठरवून टाकलं होतं.

पहाटे गालावर थंड थेंब पडला. वर पाहिलं तर कापड ओलं झालेलं.

“बाई, पाऊस येऊन राह्यला.”

तंबूच्या दाराशी बसलेल्या आमच्या बाई हळूच म्हणाल्या, “पाऊस नाई पोरी. तुमचाच श्वास हाये तो. सहा जणी रातभर श्वास घेऊन राह्यल्या, तोच कापडाले लागून थंड झाला.”

उजेड दुधासारखा आत झिरपत होता. त्या थेंबांतला माझा कोणता आणि मैत्रिणींचा कोणता, हे शोधत मी कितीतरी वेळ पडून राहिले. एसटी निघून गेली, तरी मला आठवण झाली नाही.

बाई पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. माझ्या अंगावर दोन पांघरुणं होती. घरून मी एकच नेलं होतं, हे आज लक्षात येतं.