सुरयांना बांगड्या भरणारी पंचफुलाबाई

नांदेडच्या घाटाजवळ राहणारी पंचफुलाबाई कासारीण बोलायला लागली की गिऱ्हाईक आपला हात तिच्या हातात विसरून जाई, आणि तेवढ्यात तंग मापाची बांगडीसुद्धा चढून बसे. मुदखेड, इस्लापूरचे बाजार ती रेल्वेनं करी. नदीपलीकडच्या गावांना मात्र सटवाजी भोयाची नाव लागे. वाद घालायला तिच्या तोडीचा तोच एक होता.

एका उन्हाळ्यात वाद सुरयांवरून पेटला. गोदावरीचं पाणी उतरलं की मधल्या वाळूच्या बेटावर हे काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी थव्यानं येऊन अंडी घालत. पुरात बेट बुडालं की कुठं जात, कुणाला ठाऊक नव्हतं.

"इथं जन्मल्याल्याच परत येतात," पंचफुलाबाई म्हणाली. "माहेर हाय त्यांचं."

"कशावरून?" सटवाजी म्हणाला. "समदी एकसारखी दिसतात. दरसाली नवीनच येत असतील."

"मंग खूण करते की!"

तिच्या नवऱ्यानं, रामकिशननं, कपाळाला हात लावला. पण तांब्याच्या तारेची कडी त्यानंच वळून दिली. माप तिचं: पायात सैल, पण पंज्यावरून निसटू नये असं. बेटावर पिल्लं धरायला गेल्यावर मोठी पाखरं डोक्यावर झेपा घेऊ लागली. सटवाजी डोक्यावर टोपलं पालथं घालून ओरडत होता, "आटप, बाई!" पंचफुलाबाई मात्र पिल्लाची समजूत काढत होती, "झालं हं, झालं. एकाच पायात घालायचंय."

पाऊस आला, पाखरं गेली. मग तिनं बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कामाला लावलं. "पायात कडं घातल्यालं पाखरू दिसलं तर सांगा बरं का!"

बाया उत्साहानं सांगू लागल्या. एकीच्या पाखराच्या दोन्ही पायांत कडी होती, दुसरीच्या पाखराची छुमछुम वाजत होती. मुदखेडच्या एका बाईनं तर सुतळी बांधलेला कोंबडाच आणून दाखवला. इस्लापूरची कावेरीबाई तेवढी नीट बोलली, "सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली दगडावर बसलं होतं. चोचीत मासळी अन् पायात तांबं चमकून राहिलं होतं." पंचफुलाबाईनं तिला त्या दिवशी फुकट बांगड्या भरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बेट पाखरांनी भरलं, पण कडं एकाच्याही पायात नव्हतं. सटवाजीला हसू आवरेना. पंचफुलाबाई दोन दिवस धड जेवली नाही. मग पुन्हा तार घेऊन निघाली.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं होती आणि हवेतच संशय होता. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाताजाता कड्याची चिठ्ठी झाली. ती बातमी थेट पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या कानावर गेली. साहेब घाटावर हजर झाले.

"परिंदों के पैर में चिट्ठी बांधते, बोलते लोगां. किसको भेजते?"

"साहेब, मला लिहाया कुठं येतंय? म्या बांगड्या भरते."

"परिंदों को?"

"हाव. चला दाखवते."

साहेब नावेत बसले. बेटावर पाय ठेवताच सुरयांचा थवा उठला आणि लाल रुमी टोपीवर वरून पांढरा सडा पडला. सटवाजीनं मान फिरवून ओठ आवळले. साहेब टोपी काढून बघतात तोच एक पिल्लू पळत येऊन त्यांच्या बुटाच्या सावलीत दडलं. साहेब जागचे हलेनात. हळूच वाकून त्यांनी ते ओंजळीत घेतलं.

"इसको भी पहनाओ," ते म्हणाले. पंचफुलाबाईनं कडं घालेपर्यंत त्यांनी पिल्लू धरून ठेवलं. त्यानंतर गस्तीवरचे जवानही कड्याच्या पाखरांच्या बातम्या आणू लागले.

तिसऱ्या उन्हाळ्यात नाव बेटाजवळ आली आणि सटवाजीचं वल्हं थांबलं.

"पंचफुले, त्या बाभळीच्या वंडक्यापाशी बघ."

ओंडक्याजवळ वाळूच्या खळग्यात एक सुरय अंड्यांवर बसली होती. जरा उठून तिनं अंडी सारखी केली, तेव्हा पायात हिरवट पडलेलं तांबं दिसलं. सटवाजी नाव पुढं रेटू लागला.

"नगं," पंचफुलाबाईनं त्याचा हात धरला. "आपण गेलो तर उडून जाईल. उन्हात अंडी भाजतील."

"अगं, पण जवळून बघायचं न्हाई व्हय तुला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. डोळ्यांवर पदराची सावली धरून ती तिथूनच बघत राहिली, आणि सटवाजीनं वल्हं पाण्याबाहेर काढून ठेवलं.