सगळ्या पिक्चरला साठ

आमच्या घरात टीव्हीवरचा पिक्चर संपला की निकाल लागायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या एका शाळेत मास्तर होते. जन्मभर पेपर तपासल्यामुळं समोर आलेल्या कशालाही शंभरपैकी मार्क दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. आमटीला, पाहुण्यांच्या गप्पांना आणि रविवारच्या पिक्चरला. सगळ्यांनी सतरंजीवर बसून बघायचं, संपला की एकेकानं मार्क सांगायचे आणि अण्णांनी "का?" विचारायचं. कारण सांगता आलं नाही तर आपलेच मार्क कापले जायचे. मी लांबलचक बोलायचो. पाटबंधारे खात्यात नुकताच चिकटलो होतो आणि आपण मूळचे समीक्षक आहोत, सरकारनं चुकीच्या टेबलावर बसवलंय, असं मला खरोखर वाटायचं. मी बोलायला लागलो की आई लसूण सोलायला घ्यायची.

भूकंप झाला त्या वर्षी आत्या आमच्याकडं आली. अण्णांची ही धाकटी बहीण लातूरकडच्या एका गावात दिलेली. पहाटे घर बसलं. दगडमातीच्या भिंतींखाली नवरा गेला आणि पहिलीतली पोरगी गेली. आत्या परसाकडं गेली होती म्हणून उरली. काही दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर अण्णा तिला घेऊन आले. अंगावर मदतीच्या गाठोड्यातला, कुणा अनोळखी बाईचा पंजाबी ड्रेस होता. साडीशिवाय जन्मात काही न घातलेली ती बाई, ओढणीचं काय करायचं ते न कळून ती मुठीत धरून बसली होती.

पहिल्याच रविवारी ती दाराशी बसली, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून. पुढं ती जागा तिचीच झाली. पिक्चर संपला. तिला विचारायचं कुणाच्या मनात नव्हतं, पण सवयीनं अण्णांच्या तोंडून गेलं, "बाई, तुझे किती?"

"साठ," आत्या म्हणाली.

अण्णांचा चेहरा उजळला. साठ म्हणजे फर्स्ट क्लास! बहीण सावरून राहिली, असं त्यांनी आत जाऊन आईला सांगितलं. त्या आनंदात "का" विचारायचं राहिलं ते राहिलंच. मग वर्षानुवर्षं आत्यानं सगळ्या पिक्चरला साठ दिले. रडक्याला साठ, मारामारीला साठ. एकदा लाइट गेली, अर्धा पिक्चर कुणाला दिसलाच नाही, त्यालाही साठ. "आत्याच्या वर्गात कुणी नापास न्हाई," असं मी म्हणायचो आणि माझ्या त्या विनोदाला मनातल्या मनात ऐंशी द्यायचो.

अण्णा गेले, पाठोपाठ आई गेली. परीक्षकाची गादी माझ्याकडं आली, पण खरी वारस निघाली माझी मुलगी. ही पोरगी मार्क द्यायला बसली की हिरोची खैर नसे. माझ्या आवडत्या एका पिक्चरला तिनं अकरा दिले होते. "अन् तेही म्हशीला, पप्पा. एकटी म्हैस कॅमेऱ्याकडं बघत न्हाई." मी छायाचित्रणावर बोलू लागलो, तर म्हणाली, "तुमचे तीन कापले."

दहावीला तिला मार्क चांगले पडले आणि तिनं डॉक्टर व्हायचं, असं गल्लीनं ठरवलं. मीही त्याच गल्लीत राहात असल्यामुळं माझंही तेच मत पडलं. नांदेडात क्लासच्या पाट्या काय कमी होत्या? पण लातूर ते लातूर. तिथल्या एका हॉस्टेलात तिला ठेवलं. एका खोलीत चार खाटा आणि खिडकी उघडली की शेजारच्या हॉस्टेलची भिंत. आत्या पोचवायला आली नाही. भूकंपानंतर ती त्या रस्त्याला कधी गेलीच नव्हती. भावकीतल्या लग्नांनाही नाही. लातूरची एसटी लागली की ती स्टँडवर दुसरीकडं तोंड करून उभी राहायची.

तिथं मोबाईल फक्त रविवारी हातात मिळायचा. मेसमध्ये टीव्ही होता. आम्ही ठरवलं, दुपारचा पिक्चर तिनं तिकडं बघायचा, आम्ही इकडं, आणि संपला की फोनवर निकाल. पहिले काही महिने झकास गेले. एका हिरोला तिनं उणे पाच दिले तेव्हा मी ऑफिसात चारचौघांना सांगितलं.

दिवाळीनंतर मार्क वाढले. मी विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाली, "चांगला होता. साठ." पुढच्या रविवारी तेच. मी बायकोला म्हणालो, "पोरगी पोक्त झाली बघ. लातूरचं पाणी." बायको म्हणाली, "आवाज उतरल्यावानी वाटतो." मी म्हणालो, "अभ्यासाचा आवाज तसाच असतो." हे वाक्य तेव्हा मला फार चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

तिसऱ्या रविवारी फोन ठेवला. आत्या दाराशी मेथी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "किती दिले पोरीनं?"

"साठ."

"अन् मागल्या वक्ताला?"

"साठच. का गं?"

आत्यानं मेथी तशीच टाकली, पदरानं हात पुसले आणि चपला घातल्या. "चल लातूरला."

"आत्ता? अगं, सुट्टी टाकावी लागंल..."

"ती पोरगी काही बघून न्हाई राहिली," आत्या म्हणाली. "साठ दिले की कोणी काही इचारत न्हाई. कमी दिले तर का म्हणता, जास्ती दिले तर काय आवडलं म्हणता. साठ दिले की सोडून देता. मला ठाव हाय."

बायकोच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. मीही चपला घातल्या आणि आम्ही तिघं निघालो.

एसटीत आत्यानं सगळा रस्ता मांडीवरच्या पिशवीकडं बघत काढला. पिशवीत अर्धापूरची केळी होती, पोरीला आवडतात म्हणून घेतलेली. अहमदपूरच्या पुढं तिनं माझं मनगट धरलं ते लातूर येईस्तोवर सोडलं नाही.

हॉस्टेलच्या मेसमधला टीव्ही चादरीखाली झाकलेला होता. रेक्टरबाईंनी अभिमानानं सांगितलं, "दिवाळीपासून बंदच केलाय. मुलींचं लक्ष विचलित होतं." म्हणजे मी तीन रविवार न पाहिलेल्या पिक्चरचे मार्क ऐकून खुश होत होतो.

वर खोलीत पोरगी खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाकीच्या तिघी रात्रीच्या अभ्यासिकेत गेल्या होत्या. तिच्या केसांचं काय झालं होतं ते मला लिहवत नाही. मागच्या वेळी पाठवलेली केळी खाटेखाली काळी पडली होती, अख्खी फणी जशीच्या तशी. आम्हाला बघून ती हसली, म्हणजे तोंड तसं केलं, आणि म्हणाली, "पप्पा, अभ्यास चालू आहे."

आत्या तिच्याजवळ बसली. उशी सारखी करायला म्हणून हात घातला, तर खाली झोपेच्या गोळ्या निघाल्या. कितीतरी दिवस साठवलेल्या. आत्यानं त्या कमरेला खोचल्या आणि पोरीला विचारलं, "कधी खाणार होतीस?"

पोरीनं चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, "टेस्टचा निकाल लागला की."

बायकोनं भिंतीला धरलं. आणि मी, माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण परीक्षा तोंडावर आली..."

"तू खामोश बस," आत्या म्हणाली. "तू पिक्चरचे निकाल लाव." आणि ती पोरीचे कपडे पिशवीत भरू लागली.

पोरगी घरी आली. पण पुरती आली असं मला बरेच महिने म्हणता आलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांकडं खेटे झाले. कधी दिवसभर ती उठायची नाही. कधी उठायची आणि न्हाणीघरात नळ सोडून बसायची. बायको दाराला कान लावून उभी. गोळ्यांच्या नावानंही आम्हाला धडकी भरायची, आणि आता डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बायको रोज मोजून तिच्या हातावर ठेवायची. रविवारी पिक्चर लागायचा, संपायचा. मार्क कुणी विचारत नव्हतं. पोरगी आत्याशेजारी दाराशी बसायची.

एका रविवारी पिक्चर संपला आणि जाहिराती लागल्या.

"चार," पोरगी म्हणाली.

मी घाईघाईनं म्हणालो, "चार? का?"

"संपला त्याचे."

बायको आत निघून गेली, तिला रडायचं होतं. पोरगी आत्याकडं वळली. "तुझे किती, आत्याआजी?"

"साठ," आत्या म्हणाली.

"का?"

इतक्या वर्षांत ते आत्याला कुणीच विचारलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नळ आला असंल. मोटार लाव जा."

मी गेलो. मोटार लावून आलो तर टीव्ही बंद होता. आत्या उंबऱ्याबाहेर पाय टाकून हळू आवाजात सांगत होती, तिची पोरगी कशी होती ते. काय खायची, कशाला भ्यायची, त्या रात्री आईच्या पदराला धरून कशी झोपली होती आणि तो पदर आत्यानं कसा हळूच सोडवून घेतला. आत्याच्या त्या पोरीचं नाव आमच्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. माझी पोरगी मध्येच म्हणायची, "मग?"

मी भिंतीआड उभा राहिलो. वर टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली पडू लागलं, शेजारचे ओरडले, तरी मोटार बंद करायला मला हलता आलं नाही.